रविवारची लोकल मुलांचीही आहे

मुंबई महानगरात वाढणाऱ्या हजारो मुलांना लोकल गाडी रोज दिसते, तिचा भोंगा घरात ऐकू येतो, आई किंवा बाबा तिच्यातूनच थकून परत येतात हेही त्यांना ठाऊक असते. परंतु आठव्या-दहाव्या वर्षापर्यंत त्या गाडीत बसून कुठे फिरायला गेल्याची आठवण त्यांच्यापाशी नसते. ‘मुलांना घेऊन लोकल नको’ हे वाक्य आपल्या घरांत इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर पुढे कोणी काही बोलतही नाही. गर्दी, दाराशी होणारी रेटारेटी, फलाट आणि गाडी यांच्यामधली फट, पुलांचे उंच जिने ही त्यामागची कारणे खरीच आहेत. तरीही माझे म्हणणे असे आहे की मुलांना लोकलने फिरायला नेले पाहिजे आणि ते रविवारी नेले पाहिजे. आणि ज्या अर्थी मुलांना सुखाने नेता येईल असा दिवस आठवड्यात हा एकच आहे, त्या अर्थी रेल्वेनेही रविवारची सेवा या छोट्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून आखली पाहिजे. आज ती तशी आखली जात नाही.

आधी भीतीविषयी. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर अपघातांत दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. अशा बातम्या वाचलेल्या आई-वडिलांना ‘घाबरू नका’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र या भीतीवर आपण जो उपाय काढला आहे, तो तपासून पाहण्याची गरज आहे. आपण मुलाला पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत लोकलपासून लांब ठेवतो. मग दहावीचा निकाल लागतो, तीन-चार स्थानके पलीकडच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी त्याच्या हातात पास देऊन ‘सांभाळून जा’ म्हणतो. सांभाळून म्हणजे नेमके कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ते त्याला शिकवतात दारात उभे राहणारे त्याच्याच वयाचे मित्र, आणि त्यांनी शिकवलेला पहिला धडा हात बाहेर काढून वारा घेण्याचा असतो.

लोकलचा शहाणपणा लहानपणीच अंगात मुरावा लागतो. पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहायचे, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचे, गाडी पूर्ण थांबेपर्यंत जागचे हलायचे नाही, आपले स्थानक येण्याआधी एक स्थानक उठून दाराच्या बाजूला सरकायचे, चुकून पुढे गेलो तर घाबरायचे नाही, पुढच्या स्थानकावर उतरून परत यायचे. यांतला सर्वांत अवघड धडा ‘ही गाडी गेली तर दुसरी येईल’ हा आहे, आणि तो सोमवार ते शनिवार कोणताही नोकरदार माणूस आपल्या मुलाला शिकवू शकत नाही, कारण त्या सहा दिवसांत तो स्वतःच तो पाळू शकत नाही. आठ वाजून बारा मिनिटांची गाडी चुकली तर मस्टरवर लेट मार्क पडतो हे ज्याला माहीत आहे, तो धावणारच. मुलाचा हात धरून एक भरलेली गाडी शांतपणे सोडून देणे त्याला रविवारीच जमू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलाने आपल्या बापाला गाडी सोडून देताना दहा वेळा पाहिले असेल, तर सोळाव्या वर्षी धावत्या गाडीचा दांडा पकडण्यापूर्वी त्याचा पाय क्षणभर तरी अडेल, असे मला मनापासून वाटते.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी मी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला आणि आठ वर्षांच्या भाचीला घेऊन नेरूळच्या वंडर्स पार्कला गेलो. कुर्ल्याला गाडी बदलून सकाळी हार्बरची लोकल धरली, आणि डबा जवळजवळ रिकामा असल्यामुळे दोघांनाही खिडकी मिळाली. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा या वयात अर्धे तिकीट लागते. मुलाला नुकतेच पाचवे संपले होते, म्हणून त्याच्या आयुष्यातले ते पहिले तिकीट होते आणि ते त्याने घडी पडू न देता मुठीत धरून ठेवले होते. तो नुकताच अक्षरे जुळवून वाचू लागला आहे. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेले नाव त्याच्यासाठी जणू फळ्यावरच मांडलेले होते. गोवंडी त्याने जोर लावून वाचले. मानखुर्दला ‘मा’, ‘न’, ‘खु’ इथपर्यंत तो आला आणि अडखळून त्याने विचारले, ‘त्या द च्या डोक्यावर काय बसलंय?’ भाचीने त्याला तो रफार असतो आणि तो आधी म्हणायचा असतो हे समजावून सांगितले, आणि डब्यातल्या एका आजींनी तिला शाबासकी दिली.

मानखुर्द सुटल्यावर गाडी खाडीपुलावर चढते आणि चाकांचा आवाज बदलतो. हा रेल्वेपूल १९९२ पासून वापरात आहे आणि त्यावरून रोज लाखो माणसे मान खाली घालून जातात. त्या दिवशी ओहोटी होती. चिखलाच्या कडेने गुलाबी ठिपक्यांची एक लांब रांग दिसत होती आणि ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आहेत हे मी सांगेपर्यंत भाचीने ते ओळखलेले होते. हिवाळ्यात ठाणे खाडीत हे पक्षी हजारोंच्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्या जागेला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. ते पाहण्यासाठी लोक मुद्दाम लांबून येतात. आम्हाला ते तिकिटाच्या काही रुपयांत, खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून दिसले. मुलाच्या कपाळावर त्या गजाचा उभा वळ उमटला होता तो पार्कात पोहोचेपर्यंत गेला नाही. परतीच्या वाटेवर कुर्ल्याची पाटी आली तेव्हा त्याने स्वतःहून ‘ल’वरच्या रफाराकडे बोट दाखवले.

मुलांना शहर कळते ते अशा वाटेने. ज्यांच्याकडे गाडी आहे ती कुटुंबे रविवारी मुलांना वाहनतळातून उचलून दुसऱ्या वाहनतळात नेऊन ठेवतात. मधले शहर काचेपलीकडे सरकत राहते आणि मुलाच्या हातात बहुधा फोन असतो. लोकलच्या खिडकीतून भाईंदर आणि नायगावमधली खाडी आणि त्या खाडीतले पाणजू बेट दिसते, मिठागरे दिसतात, रुळांलगतच्या वस्तीत दारात बसून आंघोळ करणारे मूल दिसते, आणि आपल्याच वयाचा तो मुलगा असा का राहतो हा प्रश्नही मुलाच्या मनात उभा राहतो. हा प्रश्न पडणे मला आवश्यक वाटते. शिवाय या गाडीने पोहोचता येणाऱ्या जागा थोड्याथोडक्या नाहीत. भायखळ्याला उतरून थोडे चालले की १८६२ पासून लोकांसाठी खुली असलेली राणीची बाग आणि तिच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. नेरळला उतरले की १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी समोर उभी असते. ज्या आई-वडिलांकडे मासिक पास आहे त्यांचा पास रविवारी घरात पडूनच असतो. त्याच मार्गावर जायचे असेल तर खर्च होतो तो मुलांच्या अर्ध्या तिकिटाचाच.

आणि तरीही कुटुंबे जात नाहीत, याचे मोठे कारण रविवारच्या सेवेत आहे.

रविवारी उपनगरी गाड्यांच्या फेऱ्या कमी असतात, कारण कचेऱ्या बंद असतात. त्याच दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक असतो. साधारणपणे सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत एखादा मार्ग बंद ठेवून रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरची कामे केली जातात. हे काम टाळता येणारे नाही, हे मी आधीच मान्य करतो. दिवसाला तीन हजारांवर फेऱ्या ज्या यंत्रणेवरून जातात आणि शेवटची गाडी गेल्यावर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत जिला जेमतेम तीन-चार तास मिळतात, तिला आठवड्यातून एकदा सलग काही तास द्यावेच लागतील. ते दिले नाहीत तर मुलांसकट सगळ्यांचाच जीव धोक्यात येईल. माझा आक्षेप ब्लॉकला नाही. तो ज्या गृहीतकावर आखला जातो त्याला आहे. रविवारी प्रवास करणाऱ्याला कुठे वेळेवर पोहोचायचे नसते, तेव्हा त्याने थोडे थांबले तर बिघडत नाही, असे ते गृहीतक आहे.

प्रत्यक्षात रविवारी फलाटावर कोण उभे असते ते पाहावे. कडेवर तान्हे घेतलेली बाई असते, गावाहून आलेले आणि पुलाचा जिना चढताना धाप लागलेले आजोबा असतात, साखरपुड्याला निघालेले आठ जणांचे कुटुंब असते, तसेच ज्यांना रविवारची सुट्टी नसते अशा परिचारिका, सुरक्षारक्षक आणि दुकानांतले विक्रेतेही असतात. रोजच्या प्रवाशाइतकी चपळाई ज्यांच्यापाशी नाही अशी माणसे या दिवशी सर्वांत जास्त असतात आणि त्यांच्याच वाट्याला सर्वांत विस्कळीत सेवा येते. दोन गाड्यांमधले अंतर वाढले की येणारी गाडी भरून येते; मग रविवारची दुपार आणि सोमवारची सकाळ यांत दाराशी काहीच फरक राहत नाही, आणि ‘मुलांना घेऊन लोकल नको’ हे वाक्य पुन्हा खरे ठरते.

हे मी अनुभवले आहे. दुसऱ्या एका रविवारी दुपारी याच दोन मुलांना घेऊन मी एका स्थानकावर पस्तीस-चाळीस मिनिटे उभा होतो. फलक एक सांगत होता, घोषणा दुसरे सांगत होती, आणि शेवटी गाडी तिसऱ्याच फलाटावर येणार असे कळल्यावर सगळा लोंढा पुलाकडे धावला. मी मुलाला खांद्यावर घेतले आणि भाचीचा हात इतका घट्ट धरला की ती ‘मामा, दुखतंय’ म्हणाली. गाडी नेहमीप्रमाणे वीस-पंचवीस सेकंद थांबली. महिलांच्या डब्यात बारा वर्षांखालील मुलाला नेता येते, पण सोबत एखादी बाई असेल तर. मी पुरुष असल्यामुळे आम्ही सामान्य डब्याच्या दारातच होतो. आतल्या एका अनोळखी बाईंनी भाचीला दंडाला धरून वर ओढून घेतले आणि माझा दुसरा पाय फलाटावरून उचलला गेला तेव्हा गाडी हलू लागली होती. त्यानंतर दोन महिने मी मुलांना लोकलने कुठे नेले नाही. ज्या आई-वडिलांना मी या लेखातून लोकलकडे वळवू पाहत आहे, त्यांच्यातच मी त्या दोन महिन्यांत होतो.

त्या पंचवीस सेकंदांविषयी मला सर्वांत आधी बोलायचे आहे. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक गाडी सोडायची म्हणून थांबा लहान ठेवावा लागतो, हे समजण्यासारखे आहे. रविवारी सकाळी साडेदहापूर्वी आणि संध्याकाळी ब्लॉक उठल्यानंतर मार्गावर तेवढा ताण नसतो. त्या वेळांत प्रत्येक स्थानकावरचा थांबा पाऊण मिनिटाचा आणि मोठ्या स्थानकांवर एक मिनिटाचा केला, तर पूर्ण प्रवास काही मिनिटांनी लांबेल आणि रविवारी त्याची तक्रार फारसे कोणी करणार नाही. त्यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही की नवा डबा जोडावा लागत नाही, फक्त रविवारचे वेळापत्रक नव्याने मांडावे लागते. ब्लॉकच्या वेळेत, जेव्हा धीम्या आणि जलद दोन्ही गाड्या एकाच मार्गावरून न्याव्या लागतात, तेव्हा हे कठीण जाईल; पण जिथे शक्य आहे तिथेही ते होत नाही, ही माझी तक्रार आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. मध्य रेल्वेवर धीमा मार्ग बंद असला की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर या स्थानकांवर त्या वेळी गाडी थांबत नाही. रोजच्या प्रवाशाला हे पाठ असते. महिन्यातून एकदा मुलांना घेऊन निघालेल्या आईला ते ठाऊक नसते आणि ती भांडुपला उतरून रिक्षा शोधत बसते. ब्लॉकची सूचना बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी येते आणि ती ‘अप धीमा, डाउन जलद’ अशा भाषेत असते. महिनाभराचे ब्लॉक महिन्याच्या सुरुवातीलाच जाहीर करता आले, आणि ‘या रविवारी अकरा ते चार या स्थानकांवर गाडी थांबणार नाही’ असे सरळ मराठीत त्या-त्या स्थानकाच्या तिकीट खिडकीवर लावले गेले, तर निम्मा मनस्ताप वाचेल. मुख्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांवर एकाच रविवारी ब्लॉक घेण्याची पद्धतही बंद व्हावी. हार्बरला जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच मार्ग आहेत, तिथे ब्लॉक म्हणजे त्या भागातली सेवाच बंद. निदान त्या दिवशी मुख्य मार्ग तरी सुरळीत असावा.

वातानुकूलित गाड्यांबाबतचे धोरण तर मला अजिबात पटत नाही. पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, म्हणजे लहान मुलांसाठी आज उपलब्ध असलेली सर्वांत सुरक्षित लोकल तीच आहे. नोकरदाराला तिच्यात गारवा हवा असतो, मुलाला मात्र बंद दार हवे असते. या गाड्यांच्या फेऱ्या रविवारी इतर दिवसांपेक्षा कमी ठेवल्या जातात, कारण पासधारक त्या दिवशी नसतात. मुलांच्या दिवशी मुलांची गाडी यार्डात उभी राहते. मुंब्र्याच्या अपघातानंतर नव्या बिगरवातानुकूलित गाड्यांनाही बंद होणारे दरवाजे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले आहे. त्या सर्वत्र येईपर्यंत तरी असलेल्या बंद दारांच्या गाड्या रविवारी पूर्ण संख्येने चालवाव्यात आणि लहान मूल सोबत असलेल्या प्रवाशाला त्या दिवशी भाड्यात सवलत द्यावी.

काही जण म्हणतील की ज्या व्यवस्थेला रोज पंचाहत्तर लाख माणसांची ने-आण करताना नाकी नऊ येतात, तिच्याकडून मुलांच्या सहलीची सोय मागणे ही चैन आहे. मला हा युक्तिवाद मान्य नाही. रविवारची सुट्टी या शहरातल्या कष्टकऱ्यांना कोणी आपणहून दिलेली नाही. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि १८९० साली ती मिळवली. सहा दिवस मालकाचे काम केल्यावर सातवा दिवस स्वतःचा, घरच्यांचा आणि समाजाचा असावा, यासाठी तो झगडा होता. तो दिवस घरात पडून काढावा लागत असेल, कारण बाहेर पडायचे साधन त्याच दिवशी अर्धे बंद असते, तर ती सुट्टी अपुरी राहते. ज्यांच्यापाशी वाहन आहे त्यांना याची झळ लागत नाही. ज्यांचे फिरणे लोकलवरच अवलंबून आहे, त्यांच्याच मुलांचा रविवार यात जातो.

आई-वडिलांनीही आपली बाजू सांभाळावी लागेल. पहिल्या खेपेला सकाळी नऊच्या आत निघावे, धीमी गाडी घ्यावी, शक्य असेल तर गाडी जिथून सुटते त्या स्थानकावरून बसावे आणि अकराच्या आत मुक्कामी पोहोचावे. परतीची वेळही आधी ठरवावी. दारात उभे करून मुलाचा फोटो काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण दार ही मजेची जागा आहे हे त्याला त्या एका फोटोतून कळते. डब्यात रात्रपाळी करून परतणारे कोणी डुलकी घेत असेल तर आवाज कमी ठेवायला मुलांना सांगावे. एवढे केले तर सहप्रवासी मुलांना सांभाळून घेतात, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. खिडकीजवळची जागा सोडून ‘बस बाळा’ म्हणणारा माणूस मला अजून प्रत्येक रविवारी भेटला आहे.

चर्चगेटच्या पाटीवरही रफार आहे, आणि तोही शब्दाच्या मधोमध, असे भाचीने मुलाला सांगितले आहे. येत्या रविवारी तिथे जायचे असे दोघांनी परस्पर ठरवून टाकले आहे. मी अजून होकार दिलेला नाही; ब्लॉक कुठे आहे ते शनिवारी कळेल.